'मजबूत बांधून द्या' म्हणण्याआधी: जुनं पुस्तक घेताना आणि बांधून घेताना लागणारे शब्द

आमच्या आजोबांकडे घरगुती औषधांचं एक जुनं पुस्तक होतं. मधली पानं सुटलेली, पाठीचं कापड लोंबत असलेलं, पण समासात जागोजागी आजोबांची शिसपेन्सिलीची टिपणं. एका पानावर सुंठीच्या काढ्यासमोर लिहिलं होतं, 'हे वहिनीस लागू पडले'. मी ते पुस्तक एका बाइंडरकडे दिलं आणि मोठ्या विश्वासाने म्हणालो, "चांगलं मजबूत बांधून द्या." चार दिवसांनी पुस्तक हातात आलं. लाल रेक्झिन, पाठीवर सोनेरी अक्षरं, तिन्ही बाजू सुरीने लोणी कापावं तशा गुळगुळीत. आत पाहिलं तर 'हे वहिनीस ला' इथेच कागद संपला होता. कापलेल्या पट्ट्या केव्हाच रद्दीत गेल्या होत्या.

बाइंडरला दोष द्यायला मला जागा नव्हती. 'मजबूत' या शब्दाचा त्याच्या धंद्यात जो अर्थ होतो, तेच त्याने केलं. कचेऱ्यांची रजिस्टरं आणि कॉलेजांचे प्रबंध तो असेच बांधतो. 'कटिंग नको' हे दोन शब्द मला ठाऊक असते तर आजोबांचं वाक्य वाचलं असतं. त्यानंतरच्या काही वर्षांत फुटपाथवरचे विक्रेते, ग्रंथालयातली मंडळी आणि तीन-चार बाइंडर यांच्याकडून जे शब्द शिकलो, ते इथे लावून देतो. जुनी मराठी पुस्तकं नव्याने जमवायला लागलेल्यांसाठी आणि घरातलं एखादंच पुस्तक वाचवायचं असलेल्यांसाठी.

१. आधी जात ओळखा

हातातली वस्तू नेमकी काय आहे हे ठरल्याशिवाय पुढचं काहीच ठरवता येत नाही.

पोथी म्हणजे आडवी, सुटी पानं. वर-खाली लाकडी फळ्या किंवा पुठ्ठे आणि बाहेरून गुंडाळलेलं कापड. त्या कापडाला बासन म्हणतात. 'तो विषय बासनात गुंडाळला' असं आपण म्हणतो ते याच कापडावरून. पोथी हाताने लिहिलेली असो वा छापलेली, ती शिवायची नसते. पानं हरवू नयेत म्हणून एका बाजूला भोकं पाडून दोरा ओवलेल्या पोथ्या मी पाहिल्या आहेत. भोकं बरोबर मजकुरातून गेलेली. पोथीला नवं बासन द्या, धुतलेलं, बिनरंगी, सुती. तेवढी बांधणी तिला पुरते.

बाड म्हणजे शिवलेली हस्तलिखित वही. पदं, आरत्या, औषधं, हिशेब, सगळं एकात. रुमाल म्हणजे मोडी कागदांचा कापडात बांधलेला गठ्ठा. यातलं काही घरात निघालं तर बाइंडरकडे नेऊच नका. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा भांडारकर संस्था, धुळ्याला समर्थ वाग्देवता मंदिर, अशा ठिकाणी आधी दाखवा. परदेशातल्या भाच्या-पुतण्यांसाठी एक सूचना: ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित ७५ वर्षांहून जुनं असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली ते मनाला येईल तसं देशाबाहेर नेता येत नाही. 'आजीची आठवण' म्हणून बॅगेत टाकू नका.

छापील पुस्तक असेल तर पानाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवा. अक्षरांचा बारीक उठाव लागला तर ते खिळ्यांवर, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांवर छापलेलं. जुळारी एकेक खिळा जुळवायचा आणि यंत्र तो कागदावर दाबायचं, त्याची ती खूण. उठाव लागत नाही आणि अक्षर हाताने लिहिल्यासारखं, थोडं लहान-मोठं दिसतंय, तर शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेलं. छापखानदार गणपत कृष्णाजींनी मुंबईत शके १७६३ चं, म्हणजे १८४१ चं पंचांग छापलं ते शिळाछापावरच. उठाव नाही आणि अक्षर अगदी एकसारखं, तर बहुधा ऑफसेट. ते अलीकडचं.

आणखी एक भारदस्त शब्द कानावर पडेल: दोलामुद्रित. दोला म्हणजे पाळणा. छपाई पाळण्यात होती त्या काळातलं पुस्तक. मराठीपुरतं बोलायचं तर विल्यम केरीचं मराठी व्याकरण बंगालमधल्या श्रीरामपूरला १८०५ मध्ये छापलं गेलं, तिथपासून १८६७ पर्यंतच्या पुस्तकांना हा शब्द लावतात. विक्रेता तो १९२० च्या पुस्तकालाही लावतो. हसून सोडून द्या.

२. वर्ष शोधा, पण प्रस्तावनेवर विसंबू नका

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. विक्रेता प्रस्तावनेचं शेवटचं पान उघडून दाखवतो: 'पुणें, विजयादशमी, शके १८५२'. झालं, पहिली आवृत्ती! पण पहिल्या आवृत्तीची प्रस्तावना पुढच्या प्रत्येक आवृत्तीत पुन्हा छापतात. ती तारीख लेखकाने प्रस्तावना लिहिल्याची आहे, तुमच्या हातातली प्रत छापल्याची नाही.

शीर्षकपान उलटा. मागे किंवा पुस्तकाच्या अगदी शेवटी मुद्रक-प्रकाशकाची ओळ असते: अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले. १८६७ च्या कायद्याने मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-गाव पुस्तकावर छापणं सक्तीचं झालं, म्हणून ही ओळ जवळजवळ हमखास सापडते. तिच्या आसपासच आवृत्ती, वर्ष आणि किंमत असते.

'आवृत्ती' हा शब्दही जपून वाचायचा. काटेकोर बोलायचं तर मजकूर बदलला तर नवी आवृत्ती, आहे तोच पुन्हा छापला तर पुनर्मुद्रण. आपल्याकडे मात्र प्रत्येक नव्या छपाईला सर्रास 'आवृत्ती' म्हणत आले आहेत. 'आवृत्ती पाचवी' म्हणजे पाच वेळा छापलं, एवढाच अर्थ धरा. 'सुधारून वाढविलेली' असे शब्द दिसले तर मजकूर बदलला असावा. 'प्रती १०००' असं दिलं असेल तर सोन्याहून पिवळं.

वर्ष कुठेच नसेल किंवा ते पान फाटलेलं असेल, तर या खुणा पाहा. मला यांनी पुष्कळदा हात दिला आहे.

शके दिला असेल तर त्यात ७८ मिळवा. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या दिवसांसाठी ७९.

किंमत रुपये-आणे-पैमध्ये असेल तर पुस्तक बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीचं. 'न. पै.' म्हणजे नवे पैसे दिसले तर १९५७ ते १९६४ या सात वर्षांतलं, कारण १९६४ मध्ये 'नवे' हा शब्द सरकारनेच काढून टाकला. ही खूण मला फार आवडते. दोन अक्षरांत सात वर्षं हातात येतात.

पत्ता पाहा. 'पुणे ३०' किंवा 'मुंबई ४' असेल तर सहसा १९७२ च्या आधीचं. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला पिनकोड आला आणि पुणे ३० चं ४११०३० झालं. सवयीने जुना आकडा छापत राहिलेले प्रकाशक होतेच, तेव्हा एकट्या या खुणेवर पैज लावू नका.

शुद्धलेखन पाहा. 'कांहीं', 'नाहीं', 'त्यांत', 'पुणें' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार भरपूर असतील तर १९६२ च्या नियमांआधीची घडण. सावध राहा: जुन्या पानांचे फोटो काढून केलेल्या पुनर्मुद्रणात हे अनुस्वार जसेच्या तसे येतात. तिथे पुन्हा बोट फिरवा. अनुस्वार जुने, पण पान मागून सपाट, तर छपाई नवी.

आयएसबीएन दहा आकडी असेल तर २००६ पर्यंतचं, तेरा आकडी असेल तर साधारण २००७ पासूनचं.

शेवटचा पडताळा म्हणजे शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची. पहिल्या भागात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्यात १९३८ ते १९५० ची पुस्तकं आहेत. जुन्या ग्रंथालयात जाऊन नुसतं "दाते सूची बघायचीय" म्हणा. ग्रंथपालाचा चेहरा खुलतो, हा स्वानुभव.

३. फर्मे मोजा

पुस्तक एकेक पान करून छापत नाहीत. मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना बरीच पानं एकदम छापतात आणि मग त्या कागदाच्या घड्या घालतात. एका घडीव कागदाला फर्मा म्हणतात. मराठी पुस्तकांत तो बहुतेक सोळा पानी असतो, कधी आठ पानी. प्रकाशक "दहा फर्म्यांचं पुस्तक आहे" म्हणाला तर १६० पानं समजा. सुरुवातीची अर्पणपत्रिका, प्रस्तावना आणि अनुक्रमणिकेची पानं बहुतेकदा वेगळी मोजलेली असतात.

संग्राहकाला याचा उपयोग असा. सोळा पानी पुस्तकात फर्मे पान १, १७, ३३, ४९ असे सुरू होतात. जुन्या पुस्तकांत त्या पानांच्या तळाशी बारीक आकडा दिसतो, २, ३, ४. तो बाइंडरसाठी असतो, फर्मे उलटसुलट शिवले जाऊ नयेत म्हणून. तुम्ही तेच आकडे ओळीने पाहत गेलात की आख्खा फर्मा गायब आहे का, ते मिनिटभरात कळतं. एका नाटकाच्या प्रतीत पान ४८ नंतर थेट ६५ होतं. मी घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा कळलं. नायिका एकदम विधवा कशी झाली, याचा विचार करत दोन पानं पुढे गेलो होतो.

चित्रांचं वेगळं पाहा. आर्ट पेपरवरची चित्रं आणि घडीचे नकाशे फर्म्यात नसतात, मागाहून नुसत्या कडेला खळ लावून चिकटवलेले असतात. ते सगळ्यांत आधी सुटतात आणि फ्रेम करून विकलेही जातात. चित्रसूची असेल तर ती हातात धरून एकेक चित्र मोजा. शेवटचं शुद्धिपत्रही पाहा. ते सहसा सुटं असतं, म्हणून टिकलं असेल तर भाग्य समजा.

४. आकार

थोडक्यात सांगतो. डेमी १/८ म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच, आजची बहुतेक पुस्तकं. क्राउन १/८ म्हणजे सुमारे पाच बाय साडेसात, जुन्या कादंबऱ्यांचा आटोपशीर आकार. क्राउन १/४ म्हणजे साडेसात बाय दहाच्या आसपास, आपले दिवाळी अंक. अपूर्णांक म्हणजे मूळ कागदाचे किती भाग केले, तो आकडा.

हे आकार कापण्याआधीचे आहेत. पहिल्याच बांधणीत पाव-अर्धा इंच गेलेला असतो. त्याहून बरंच लहान भरलं तर पुस्तक पुन्हा एकदा कटिंग मशीनखालून गेलंय असं समजा.

५. दोषांची नावं

घासाघीस करायची असेल तर दोषांची नावं यायला हवीत. 'खराब आहे' म्हटलं की विक्रेता ऐकत नाही. 'कसर लागलीय' म्हटलं की ऐकतो.

कसर म्हणजे कागद कुरतडणारे बारीक किडे. ते कडेने आणि वरवर खातात, पाठीजवळची खळ त्यांना विशेष आवडते. वाळवी खाते तेव्हा मातीचा थर सोडते आणि आतून पोखरते. वाळवीचं पुस्तक फुकट मिळालं तरी घरात आणू नका. पानांवरचे तांबूस ठिपके ओलाव्याने येतात. दिसायला वाईट, पण पुस्तक वाचता येतं. कागद तांबडा पडून कडा मोडायला लागल्या असतील तर तो दोष कागदाच्या पोटातलाच: लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद स्वतःच्या आम्लाने झिजतो. त्याला बांधणीचा उपाय नाही.

वाचनालयाचे शिक्के असतील तर 'बाद' किंवा 'निर्लेखित' असा शिक्का आहे का पाहा. वाचनालयांनी रीतसर काढून टाकलेल्या पुस्तकांवर तो असतो. नसेल तर कुणीतरी परत करायला 'विसरलेलं' पुस्तक असू शकतं. अशा वेळी पावती मागा. पावती मागितल्यावर विक्रेता पुस्तक परत ढिगात टाकू लागला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

६. सध्याची बांधणी कशी आहे ते पाहा

आठव्या आणि नवव्या पानाच्या मध्ये पुस्तक उघडा. तिथे घडीत दोरा दिसला तर फर्मे एकेक करून घडीतून शिवलेले आहेत. याला जुजबंदी म्हणतात. जुज म्हणजे घडी, भाग. बाइंडरच्या तोंडी मात्र तुम्हाला 'जूस शिलाई' ऐकू येईल, आणि दरपत्रकावर चक्क 'जूस बाइंडिंग' असं लिहिलेलंही दिसेल. रसाचा काही संबंध नाही. जुजचंच ते रूप. जूस शिलाईचं पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहतं. तेच तिचं मोठं सुख.

घडीत दोरा नाही, पण पानं पाठीजवळ घट्ट आवळलेली आहेत आणि पुस्तक पुरतं उघडत नाही, तर साइड शिलाई किंवा साइड पिन. वरून आरपार भोकं पाडून शिवलेलं. आतला समास ती खाते. मजबुतीत तिचा हात कुणी धरणार नाही, म्हणूनच माझ्या आजोबांच्या पुस्तकावर तीच पडली.

पातळ पुस्तिकेच्या घडीत नुसत्या तारा असतील तर सेंटर पिन. त्या तारा गंजतात आणि भोवतीचा कागद खातात. जुन्या पुस्तिकेची तार हलकेच काढून तिथे दोरा घाला. हे काम घरी जमण्यासारखं आहे.

दोराही नाही, तारही नाही, नुसता गोंद असेल तर परफेक्ट बाइंडिंग. नाव काहीही असो. पाठीकडून घड्या कापून टाकून सुट्या पानांना गरम गोंद लावलेला असतो. गोंद वाळला की पानं पत्त्यांसारखी पिसायची. जूस शिलाईचं जुनं पुस्तक कुणी "परफेक्ट करून देतो" म्हणालं तर ते हातातून काढून घ्या, कारण त्यात घड्याच कापल्या जातात. घडी एकदा गेली की पुन्हा शिवायला काही उरत नाही.

बाहेरचे शब्द भराभर सांगतो. पाठ किंवा कणा म्हणजे जिथे नाव लिहितात ती बाजू. अस्तर म्हणजे पुठ्ठ्याला आतून चिकटवलेला कागद. त्याचा दुसरा अर्धा भाग सुटा राहतो. जुन्या मालकाची सही तिथेच असते, म्हणून 'अस्तर बदलू का?' या प्रश्नाला लगेच हो म्हणू नका. वेष्टण म्हणजे पुठ्ठ्यावर सुटं घातलेलं छापील जॅकेट. पूर्ण कापडी म्हणजे सगळीकडे कापड. हाफ म्हणजे पाठ आणि कोपरे कापडाचे, बाकी कागद.

७. बाइंडरशी बोलताना

आधी एक ठरवा: बांधायचंच आहे का? कागदाच्या कडा बोट लागताच मोडत असतील तर नाही. अशा कागदाला सुई आणि दोरा करवतीसारखे लागतात. त्याला पुठ्ठ्याची मापात पेटी करून घ्या. बाइंडर ती कमी पैशांत करून देतो, फक्त मागावी लागते.

बांधायचं ठरलं तर दुपारी जा. सकाळी छापखान्याची कामं असतात, संध्याकाळी घाई. जून-जुलैत शाळा-कॉलेजांची आणि दिवाळीआधी अंकांची झुंबड असते, तेव्हा अजिबात नको. पुस्तक टेबलावर ठेवून निघून येऊ नका. दोघांनी मिळून उघडा. "काका, हे आजोबांचं आहे, यात लिहिलेलं एक अक्षरही जायला नको," असं म्हणून समासातलं एखादं टिपण बोटाने दाखवा. मी आता हे नेहमी करतो. कापायचं काय नाही, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की कामाचा हात बदलतो.

आणि चिठ्ठी द्या. दुकानात पुस्तक घेणारा एक, शिवणारा दुसरा आणि कटिंगवर बसणारा तिसरा असतो. तोंडी सांगितलेलं पहिल्यापाशीच राहतं. माझी चिठ्ठी अशी असते, आणि ती पुस्तकाच्या आत नाही, वरून दोऱ्याने बांधतो:

कटिंग नाही. तिन्ही बाजूंनी नाही, एक सूतही नाही.
शिलाई: जूस. जुन्याच भोकांतून. साइड शिलाई, पिन, परफेक्ट नको.
फाटलेल्या घडीला पातळ कागदाची पट्टी, खळीने. सेलोटेप नको.
लॅमिनेशन कशालाही नाही.
मूळ मुखपृष्ठ, मलपृष्ठ आत बांधायचं. अस्तर जुनं ठेवायचं.
पाठीवर सोनेरी अक्षरं फक्त नावाची. पानांच्या कडांना रंग नको.
निघालेलं सगळं (कापड, दोरा, चिठोऱ्या) पाकिटात परत.

यातल्या दोन गोष्टींवर बाइंडर वाद घालेल. पहिली कटिंग. "साहेब, कडा वर-खाली दिसतात, लोक आम्हाला नावं ठेवतात." त्याचं बरोबर आहे, न कापलेल्या कडा ओबडधोबड दिसतात. "लोक मला नावं ठेवू देत," एवढंच म्हणायचं.

दुसरी खळ. मैद्याची किंवा गव्हाच्या सत्त्वाची शिजवलेली खळ पाण्याने पुन्हा सुटते, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणाला दुरुस्ती करायची तर करता येते. पांढरा फेव्हिकॉल चटकन वाळतो, पण नंतर कागद फाटतो, तो सुटत नाही. पुठ्ठ्यावर कापड चिकटवायला तो वापरला तरी चालेल, पानांना नको. जुन्या पद्धतीचे बाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार घालतात. किडीसाठी उपाय चांगला, कागदासाठी वाईट, कारण तांब्याने कागद लवकर झिजतो. मोरचुदाशिवायची ताजी खळ मागा.

मुखपृष्ठाबद्दल मुद्दाम सांगायचं ते हे. वाचनालयांसाठी बांधताना कागदी मुखपृष्ठ काढून टाकायची रीत होती. दीनानाथ दलालांनी काढलेली कितीतरी मुखपृष्ठं अशी कचऱ्यात गेली. आज त्याच पुस्तकाची मुखपृष्ठासकटची प्रत हवी असेल तर विक्रेता वेगळाच भाव सांगतो. तुमच्या पुस्तकाला मुखपृष्ठ असेल तर ते कितीही फाटकं असलं तरी आतच बांधून घ्या.

पुठ्ठा कोणता, असं विचारलं तर कप्पा बोर्ड किंवा ग्रे बोर्ड सांगा. पिवळा गवती पुठ्ठा नको, तो ओल धरतो आणि वाकतो. पुठ्ठ्याची आणि अस्तराची ग्रेन पाठीला समांतर ठेवा, असंही सांगा. ग्रेन म्हणजे कागदाच्या तंतूंची दिशा. कागद ज्या बाजूने सहज वाकतो ती ग्रेन. ती आडवी पडली तर पावसाळ्यात पुठ्ठा होडीसारखा वळतो. हा शब्द वापरलात की बाइंडर तुमच्याकडे मान वर करून बघेल आणि इथून पुढे चहा मागवेल. नवं अस्तर घालावंच लागलं तर सुती चिंध्यांचा हातकागद घ्या, रंगीत नको. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे, तिथला साधा पांढरा कागद मी वापरतो.

८. पिशवीत काय असावं

खरेदीला निघताना: इंच-सेंटिमीटरची लहान पट्टी, मऊ शिसपेन्सिल (पेन नाही), भिंग, सुती रुमाल, आधीपासून घरात असलेल्या पुस्तकांची यादी. शेवटची विसरल्यामुळे माझ्याकडे एकाच पुस्तकाच्या तीन प्रती आहेत. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जाता येतं. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर. दोन्हीकडे सुटे पैसे न्या.

बाइंडरकडे जाताना: वरची चिठ्ठी दोन प्रतींत, त्यातल्या एकीवर त्याची सही. प्रत्येक टिपणाच्या पानाचा आणि शीर्षकपानाचा मोबाइलवर फोटो. पानांची मोजणी लिहून: सुरुवातीची किती, मजकुराची किती, चित्रं किती. पैसे अर्धे आधी, अर्धे नंतर.

घरच्या किरकोळ दुरुस्तीसाठी: बोथट सुरी, मऊ ब्रश, पांढरा सुती दोरा, बोथट सुई, जपानी टिश्यूचा एखादा कागद, वाटीभर खळ, आणि पानांमध्ये घालायला मेणकागद. मेणकागद नसेल तर चारही पानं एकमेकांना चिकटतात. कसं कळलं ते विचारू नका.

९. पुस्तक परत घेताना

पैसे देण्याआधी तिथेच उभं राहून पाहा. समासातलं ते दाखवलेलं टिपण उघडा. फोटोशी ताडून बघा. पान ८-९ आणि २४-२५ मध्ये दोरा दिसतो का? तळाचे फर्म्यांचे आकडे ओळीने आहेत का? एखादा फर्मा डोक्यावर उलटा शिवलेला सापडतो, हसू नका, होतं तसं. मधोमध उघडून टेबलावर ठेवा, सपाट राहिलं पाहिजे.

घरी आल्यावर लगेच कपाटात कोंबू नका. खळीत पाणी असतं. आठवडाभर वजनाखाली, हवेशीर जागी ठेवा. पंचांगाचे जुने गठ्ठे वजनाला उत्तम. नंतर उभं ठेवताना बाहेरच्या, पावसाने ओल धरणाऱ्या भिंतीला लावून ठेवू नका. कोकणात आणि मुंबईत पावसाळा संपला की एक दिवस सगळी पुस्तकं काढून सावलीत उघडी करा, उन्हात नाही. वेखंडाची पूड पुरचुंडीत बांधून कपाटात ठेवायची जुनी रीत चांगली आहे, फक्त पुरचुंडी पानांमध्ये ठेवू नका, डाग पडतात.

बाइंडरने परत दिलेलं पाकीट टाकू नका. त्यावर पुस्तकाचं नाव, बांधल्याची तारीख आणि पानांची मोजणी पेन्सिलीने लिहा आणि पुस्तकाशेजारीच ठेवा. परवा अशाच एका पाकिटातल्या पाठीच्या जुन्या पट्टीवर, कापडाखाली मजबुतीसाठी चिकटवलेल्या रद्दी कागदावर, दुसऱ्याच कुठल्यातरी पुस्तकाचं अर्धं शीर्षकपान निघालं. किंमत आठ आणे. कुठलं पुस्तक ते अजून शोधतोय.